घोडीच्या वहीतले शेरे

सात मीटर दोरीच्या टोकाला घोडी गोल फिरली की एक फेरी चव्वेचाळीस मीटरची होते. तेवीस फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो आणि वर बारा मीटर उरतात. हे गणित मी घोडी घरी यायच्या आधीच करून ठेवलं होतं. घोड्यावर बसतात कसं, हे मात्र मला माहीत नव्हतं. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो, पोट सुटायला लागलं होतं, आणि तोवर ज्या सगळ्यात मोठ्या जनावरावर मी बसलो होतो ती लहानपणी आजोळची म्हैस होती.

घोडी घेण्याचं कारण सांगितलं की लोक हसत. मी इटियाडोह धरणाच्या कालव्यावर मोजणीदार होतो. कोणाच्या किती शेताला पाणी मिळालं ते बांधावर जाऊन मोजायचं आणि नोंदवायचं, हे माझं काम. माझ्याकडे कालव्याची चौदा किलोमीटर लांबी होती. काठचा रस्ता चिकण काळ्या मातीचा. पावसाळ्यात सायकलच्या चाकाला इतका चिखल धरायचा की चाक फिरणंच बंद व्हायचं, मग सायकल खांद्यावर घेऊन चालायचं. एकदा मी मोजलं होतं. चौदापैकी पाच किलोमीटर मी सायकलवर होतो आणि नऊ किलोमीटर सायकल माझ्यावर होती.

गोंदियाला स्टेशनबाहेरचे टांगे तेव्हा एकेक करून बंद पडत होते. २००२ सालची गोष्ट. कामानिमित्त गोंदियाला गेलो की मी एका म्हाताऱ्या टांगेवाल्याच्याच टांग्यात बसायचो. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. त्या दिवाळीनंतर टांगा सोडायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या घोडीला झालेली तीन वर्षांची शिंगरी होती, तांबूस रंगाची, कपाळावर बोटभर पांढरा पट्टा. तिला अजून कशालाच जुंपलेलं नव्हतं.

“बाबूजी, इसको आप ले लो. आपके यहाँ दौड़ने की जगह है.”

“चाचा, मला बसता येत नाही.”

“उसको भी बिठाना नहीं आता. दोनों साथ में सीख लेना.”

घरी सांगितलं तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, “घरात दोन बैल हायेत, गाय हाय, तुमी हाव. आता घोडी कायले?” मी कालव्याचं कारण सांगितलं, चिखलाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शेण काढाची पाळी तुमची.” एवढ्यावर घोडी आली.

चाचा तिच्याबरोबर मेटाडोरमध्ये उभ्याने आले आणि आमच्याकडे नऊ दिवस राहिले. आमच्याकडे बांध घालून पाडलेल्या धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. धान कापून झाला होता, जमीन वाळली होती. चाचांनी फिरून आमची सगळ्यात मोठी बांधी निवडली. अडतीस पावलं लांब, एकतीस पावलं रुंद, आणि चारही बाजूंना गुडघाभर बांध. धसकटं मी दोन दिवसांत उपटून काढली.

नऊ दिवसांत त्यांनी मला एकदाही घोडीवर बसू दिलं नाही. “तीन महीने पीठ को भूल जाओ,” म्हणाले. तिच्या खांद्याशी चालायचं. मी थांबलो की तिने थांबायचं. मी मागे सरलो की तिने मागे सरायचं. चारही पाय एकेक करून उचलून हातात द्यायचे. कानाला, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी हात फिरवू द्यायचा. मग लांब दोरीवर गोल, आधी चालत, मग दुडक्या चालीने. पहिल्या दिवशी डाव्या कानाला हात लावायला मला दोन तास लागले. आठव्या दिवशी ती दोरी ढिली ठेवूनही माझ्याबरोबर वळत होती.

माझी एक खोड चाचांना आवडली नाही. मी फेऱ्या मोठ्याने मोजायचो.

“बाबूजी, आप घोड़ी को देख रहे हो कि गिनती को?”

“दोन्हीला.”

“एक को देखो.”

मी मनात मोजायला लागलो. जायच्या दिवशी त्यांनी खुराक सांगितला. रोज दोन किलो चणा, रात्रभर भिजवलेला. गव्हाचा कोंडा, गवत, मीठ. मी तो नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला, आणि त्याखाली त्यांच्या शेजारच्या दुकानाचा फोन नंबर. काही अडलं तर या नंबरवर निरोप टाका, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

वही मी ऑफिसच्या रजिस्टरसारखी आखली होती. तारीख, फेऱ्या, किती चालत, किती दुडकत, खुराक, श्वास, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. श्वासाचा रकाना माझ्या डोक्यातून निघाला होता. निवांत उभी असताना तिची बरगडी मिनिटाला बारा वेळा हलायची. वीस फेऱ्या दुडकून आली की हा आकडा कितीतरी वाढायचा. पुन्हा सोळाच्या खाली यायला किती मिनिटं लागतात, ते मी घड्याळ लावून पाहायचो. डिसेंबरात सहा मिनिटं लागत होती. हा आकडा मला आवडला होता. तब्येत कशी सुधारते ते यावरून दिसेल, असं मी बायकोला समजावून सांगितलं होतं.

घोडी हुशार होती, हे मी माझ्या कौतुकासाठी सांगत नाही. शब्द तिला दोन-तीन दिवसांत कळायचे. थांबायला मी ‘हो’ हा शब्द ठेवला, बैलांची सवय होती म्हणून. एका आठवड्यात ती ‘हो’ म्हणताच खांबासारखी उभी राहू लागली. मग अडचण अशी झाली की तिला चालवत असताना बांधावरून कोणी विचारायचं, “साहेब, पाणी सुटलं का जी?” आणि मी म्हणायचो, “हो.” की घोडी थांबलीच. गावातली माणसं ‘हो’ म्हणत नाहीत, ‘हव’ म्हणतात. मी शिकलेला म्हणून ‘हो’ म्हणायचो. शेवटी मीच ‘हव’ म्हणायला लागलो. बायको म्हणाली, “सोळा वर्षं झाली, मी सांगून राहिली का गावावानी बोला. घोडीनं आठ दिवसांत शिकवलं.”

जानेवारीत चणा संपला. बाजाराचं गाव अकरा किलोमीटरवर, आणि त्या आठवड्यात उन्हाळी धानासाठी पाण्याचे अर्ज घेणं चालू होतं, मला उसंत नव्हती. घरात लाखोरी होती, मागच्या सालची दोन पोती. धान उभा असतानाच त्याच्या पायाशी ओलीत फेकून पेरायचं हे कडधान्य. धान कापला की ते आपलं आपण वर येतं. त्याची कोवळी भाजी आम्ही खातो, डाळीचे वडे करतो. नुसती लाखोरीच महिनोनमहिने खाल्ली तर माणसाचे पाय जातात असं सांगत आणि तिच्या डाळीच्या विक्रीला तेव्हा बंदीही होती. पण घरी सगळेच थोडीफार खात, आणि बैलांना तर आम्ही नांगरणीच्या दिवसांत मुद्दाम भिजवून देत होतो. बैल तीवर तुकतुकीत राहत.

मी चण्याच्या जागी लाखोरी धरली. वजनाला वजन. तराजूत दोन किलो तोलून, रात्रभर भिजवून. त्यात कुठे हयगय केली नाही. घोडीने पहिल्या दिवशी टोपलं चाटून पुसून ठेवलं.

“चाचाले विचारलं का?” बायकोने विचारलं.

“एवढ्याशा गोष्टीसाठी फोन कशाला? बैल खातात ना.”

“बैल खाते, हे तर खरं हाय,” ती म्हणाली. तिथे विषय संपला. खुराकाच्या रकान्यात मी ‘चणा २’ खोडून ‘लाखोरी २’ लिहिलं.

फेब्रुवारीत पाठीवर वजन घ्यायला शिकवलं. आधी रिकामं पोतं, मग दहा किलो धान, मग वीस, मग चाळीस. प्रत्येक वजन चार दिवस. महिना संपता संपता मी स्वतः बसलो. चाचांनी जुनं खोगीर दिलं होतं, त्याची एक रिकीब दुसरीपेक्षा दीड इंच लांब होती. ती मी सुतळीने बरोबर केली. पहिल्या दिवशी मी बसून फक्त उतरलो. दुसऱ्या दिवशी ती सात पावलं चालली. मी एकंदर पाच वेळा पडलो. चार वेळा बांधीत आणि एकदा बांधावर, ती शेवटची जोरात लागली. आमच्या शेजारच्या बांधीवाला चुलता तेव्हा बांधावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

“का जी मोजणीदार, आज शेत पाठीनं मोजून राहिले का?”

मी उठून धूळ झटकली. घोडी पाच पावलांवर उभी राहून माझ्याकडे पाहत होती. पळाली नव्हती. पाचही वेळा ती पळाली नाही, हे मी शेऱ्यात लिहिलं आहे.

मार्चचे तीन आठवडे मी आजही विसरत नाही. पहाटे पाणी मोजायला निघायचं, कालव्याच्या काठाने. उन्हाळी धानासाठी पाणी सुटलेलं असायचं, पाण्याला वास असायचा, उजवीकडे हिरव्या रोपांचे चौकोन. ती एक कान पुढे ठेवायची आणि एक कान माझ्याकडे. मी बोललो की मागचा कान हलायचा. गुडघ्याने नुसतं दाबलं की वळायची. मी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. ऑफिसात मला कोणी विचारत नव्हतं, घरी बायको माझ्यापेक्षा हुशार. आणि इथे एक जनावर माझ्या मांडीच्या दाबावरून माझ्या मनातलं ओळखत होतं. एका सकाळी सहा किलोमीटर एका दमात गेलो आणि परत आलो. चुलत्याने बांधावरून हात वर केला. हसला नाही. मी त्याला “राम राम” म्हटलं ते जरा मोठ्यानेच.

त्या दिवशी श्वास खाली यायला सात मिनिटं लागली. डिसेंबरपेक्षा एक जास्त. मी शेऱ्यात लिहिलं, ‘अंतर जास्त’.

एप्रिलमध्ये नऊ मिनिटं लागली. शेरा, ‘ऊन’. मेमध्ये बारा. शेरा, ‘फार ऊन’. आमच्याकडे मेमध्ये माणसालाही धाप लागते, म्हणून मी सकाळी आणखी लवकर निघू लागलो. जूनमध्ये चौदा मिनिटं. शेरा, ‘उकाडा’. जुलैत पाऊस लागून हवा गार झाली, तेव्हा हा आकडा खाली यायला हवा होता. तो सोळा झाला. मी शेरा लिहिला, ‘सर्दी’, कारण तेव्हा दुडकताना तिच्या घशातून एक आवाज यायला लागला होता. लोहाराचा फुटका भाता ओढल्यासारखा. उभी असताना काही नाही, चालताना काही नाही, दुडकी धरली की पन्नास-साठ पावलांवर सुरू. मी ओवा आणि गूळ दिला. आवाज गेला नाही.

ही वही माझ्याकडे अजून आहे. ती उघडली की मला सगळ्यात जास्त लाज आकड्यांची वाटत नाही. आकडे बरोबर आहेत. सहा, सात, नऊ, बारा, चौदा, सोळा. दुसरं काही न पाहता एखाद्याने नुसती ही ओळ वाचली असती तरी त्याला कळलं असतं की काहीतरी एका दिशेने चाललं आहे. मी हे आकडे रोज स्वतःच्या हाताने लिहीत होतो आणि प्रत्येकापुढे एक कारण लिहीत होतो. कारण लिहिलं की माझं काम झालं असं मला वाटायचं. ऑफिसातही आम्ही असंच करायचो. पाणी कमी पोचलं की शेऱ्यात ‘गळती’ लिहायचं आणि पान उलटायचं.

ऑगस्टमध्ये शेरा बदलला. ‘आळस’. तो शब्द मला चुलत्याने दिला. तो म्हणाला, “बसून खाऊन माजली तुमची घोडी. बैल असा करते तं आमी काय करतो?” मला पटलं. मी फेऱ्या वाढवल्या. वीसच्या तीस केल्या. दम वाढवायचा तर धावायला लावलं पाहिजे, असा माझा हिशेब. मी तिला रोज त्या आवाजासकट तीस फेऱ्या फिरवत होतो, वर दोन किलो लाखोरी देत होतो.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी पाचव्या किलोमीटरच्या पुलावर ती थांबली. मी काही म्हटलं नव्हतं. टाच मारली, हलली नाही. पुढे नवव्या किलोमीटरवर शेतकरी माझी वाट पाहत होते, मापावरून भांडण होतं, साहेबही येणार होते. मी उतरलो नाही. पुलाच्या कठड्याला बेशरमीच्या झुडपाची ओली फांदी लागलेली होती, ती मोडून घेतली आणि तिच्या मांडीवर मारली. तीन वेळा. ती निघाली. दोन-अडीचशे मीटर जोरात पळाली. मग मान लांब ताणून, नाकपुड्या फाकून उभी राहिली. त्या आवाजात आता मध्येच खंड पडत होता, हवा आतच जात नसल्यासारखा. तिचे पुढचे गुडघे थरथरत होते. मी उतरलो आणि तिला चालवत घरी आणलं. त्या दिवशीचा शेरा आहे, ‘५ कि.मी. आळस.’ फांदीचं लिहिलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये चाचा आले. घोडी कशी झाली ते पाहायला येतो म्हणून महिनाभर आधी निरोप होता. मी खळं झाडून ठेवलं, वहीला नवं कव्हर घातलं. ते दारातून आत आले आणि त्यांनी जिभेने टक्-टक् आवाज केला. घोडीने मान वर केली आणि खळ्याच्या दुसऱ्या टोकापासून दुडकत त्यांच्याकडे आली. खळं तीस पावलांचं. तेवढ्यातच तो आवाज सुरू झाला.

चाचांनी पिशवी खाली ठेवली. तिच्या गळ्याला कान लावला. मग अंगठ्याने गळ्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या, पुन्हा पुन्हा. मागच्या पायांवरून हात फिरवला.

“कब से है?”

“जुलैपासून. सर्दी असेल असं—”

“खिला क्या रहे हो?”

मी वही आणली. मला अजूनही वाटत होतं की वही पाहून ते खूश होतील. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. डिसेंबर, चणा दोन किलो. जानेवारी, लाखोरी दोन किलो.

“क्या दो किलो?”

“लाखोरी.”

“लाखोरी क्या?”

बायको आतून मूठभर घेऊन आली आणि त्यांच्या हातावर ठेवली. करड्या रंगाचे, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे तिरपे दाणे. चाचांचं मूळ गाव रायपूरकडचं. त्यांनी दाणे बोटाने पसरले.

“ये तो तिवरा है.”

“तिवरा नाही, लाखोरी,” मी म्हटलं.

“बाबूजी, वही. वही तिवरा है.” त्यांनी दाणे खाली टाकले नाहीत, बायकोच्या हातात परत दिले. “घोड़े को तिवरा कोई खिलाता है? गला बैठ जाता है उसका. हवा की नली नहीं खुलती. बैल को कुछ नहीं होता, घोड़ा मर जाता है. मैं चना बोला था.”

“चण्यासारखीच आहे म्हणून मी...”

“मैं चना बोला था,” ते पुन्हा म्हणाले. आवाज चढवला नाही.

बायको माझ्याकडे पाहत नव्हती. ती म्हणू शकली असती, मी विचारलं होतं. ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

दुपारी जेवताना मी त्यांना पुलावरचं सांगितलं. का सांगितलं, ते मला अजून नीट कळत नाही. वहीत नव्हतं म्हणून असेल. म्हटलं, “मी तिला मारलं, चाचा. तीन वेळा.”

त्यांनी घास ताटात परत ठेवला. “तीन?”

“तीन.”

“गिन के मारे?”

मी मोजले होते. मारताना मनात एक, दोन, तीन म्हटलं होतं, हे मला तेव्हाच आठवलं.

निघताना ते म्हणाले, “इसको मुझे दे दो.” टांगा नव्हता, उत्पन्न नव्हतं, टांग्याची घोडीही त्यांनी विकली होती. तरी म्हणाले. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, मी बरी करीन, लाखोरी आजपासून बंद, तालुक्याच्या डॉक्टरांना आणतो, सहा महिन्यांचा तक्ता बनवतो. ‘तक्ता’ शब्दावर ते हसले की काय, मला नीट दिसलं नाही. पिशवी उचलून ते गेले. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते वारले. स्टेशनवर एका रिक्षावाल्याने मला हे सांगितलं, तेव्हा वारून चार महिने झाले होते.

डॉक्टरांनी घोडीचा गळा तपासला आणि चाचा म्हणाले तेच शहाण्या शब्दांत सांगितलं. घशाची नस गेली आहे. काही जनावरांत थोडी परत येते. ऑपरेशन होतं, पण ते कुठे होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. “पळवू नका, बस,” म्हणाले.

मी तक्ता बनवला. खरोखरच बनवला. पहिले दोन महिने नुसतं चालवणं. मग दोन फेऱ्या दुडकी, मग तीन. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती आवाज न करता आठ फेऱ्या दुडकू शकत होती. आठ गुणिले चव्वेचाळीस, तीनशे बावन्न मीटर. नववी फेरी कधीच आली नाही. मी पुन्हा बसून पाहिलं, फक्त चालत. ती चालली. पण पाचव्या किलोमीटरचा पूल आला की तिच्या मांडीवरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरायची. एकदा, दोनदा. माझ्या हातात काही नसायचं. मी ‘हो’ म्हणायचो, ती उभी राहायची, मी तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहायचो. ते थरथरणं थांबायला दर वेळी वेगळा वेळ लागायचा. तो मी मोजला नाही. वर्षभराने मी तिच्यावर बसणं सोडलं.

२००६ साली काठचा रस्ता मुरूम टाकून पक्का झाला. सायकल खांद्यावर घ्यायची वेळ संपली तशी घोडीची गरजही. मी मोटारसायकल घेतली. घोडी दिवसभर बांधीत मोकळी असायची. चणा मात्र कधी चुकवला नाही, त्यासाठी अकरा किलोमीटर जाणं आता अवघड नव्हतं. ती गुबगुबीत दिसायची. नवीन माणसाला वाटायचं, काय छान घोडी आहे.

मोटारसायकलचा आवाज तिला पाठ झाला होता. संध्याकाळी मी कालव्याकडून वळलो की ती बांधीच्या दुसऱ्या टोकाला मान वर करायची आणि बांधाबांधाने माझ्या बरोबरीने धावायला निघायची. मला भेटायला, की चण्यासाठी, मला सांगता येत नाही. आधी चार-सहा पावलं छान, हलकी, मार्चमधल्यासारखी. मग वेग वाढवायची, आणि बांधीच्या मध्यापर्यंत येईतो तो आवाज. मग थांबायची, मान लांब करून. मला गाडी चालवत असतानाही तो ऐकू यायचा.

काही दिवसांनी मी कडुनिंबापाशीच इंजिन बंद करायला लागलो. तिथून घराच्या फाटकापर्यंत दोनशे दहा पावलं आहेत. गाडी हाताने ढकलत, तिच्या बांधीच्या कडेने, खडा वाजू न देता न्यायची. ती पाठ करून चरत असायची. कधी कधी तिला वाऱ्यावर माझा वास यायचा, तेव्हा ती नुसती वळून पाहायची आणि चालत यायची. ती गेली २०१० च्या थंडीत, आजारी न पडता, बांधाला टेकून. तोपर्यंत चार वर्षं मी रोज ती दोनशे दहा पावलं गाडी ढकलली. गाडी जड होती आणि माझी कंबर दुखायची. चुलता बांधावरून विचारायचा, “काहो, पेट्रोल सपलं का जी?”

“हव,” मी हळूच म्हणायचो, “सपलं.”